बीव्हरवरचा आळ

"बाईच्या हातात पाट दिला की असंच व्हायचं," वरून आवाज आला. "पाटसुद्धा मग मनाला येईल तसा चालतो."

"हळू बोला, प्रिमो. ऐकलं कुणी तर?"

"ऐकू दे की! माझ्या पाळीला पाणी आलं ते कसं आलं माहितीये? दारातल्या पाहुण्यासारखं. बसत नाही म्हणालं, घाई आहे म्हणालं, आणि गेलं."

एर्लिंदाला हसू आलं, पण ती होती तिथे हसायची सोय नव्हती. रस्त्याखालून पाट नेणाऱ्या मोरीच्या नळ्यात ती कोपरांवर सरपटत होती. तोंडात टॉर्च, हातात आखूड दांड्याचं फावडं, आणि पोटाखाली एवढंसंच पाणी की सदरा धड भिजेनाही. बोलणारे दोघं तिच्यापासून हातभर मातीवर, मोरीच्या कठड्यावर पाय सोडून बसले होते. आवाज ओळखायला तिला तोंडं बघायची गरज नव्हती. कुरकुरणारा ओनोफ्रे, पाटाच्या पंचांचा अध्यक्ष आणि निम्म्या गावाचा प्रिमो, म्हणजे चुलतभाऊ. त्याला हळू बोला म्हणणारा एलिसेओ. त्याच्या धाकट्या मुलीची ती धर्ममाता होती, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा.

नळ्याच्या दुसऱ्या तोंडातून आधी फावडं बाहेर आलं, मग टोपी, मग एर्लिंदा.

"पाहुण्याला कॉफी तरी विचारायची होती, प्रिमो ओनोफ्रे," ती म्हणाली. "थांबला असता."

ओनोफ्रेने घाईघाईने टोपी काढली. चोरी सापडली की तो नेहमी टोपी काढायचा, आणि गावात त्याच्याइतकं टक्कल उन्हाने कुणाचंच रापलं नव्हतं. "अगं, तू आत होतीस होय?"

"नळा तुंबलाय म्हणून काल तुम्हीच फोन केलात ना?"

"हो. म्हणजे... तुंबलाय का मग?"

"एक टायर, बिअरचे दोन डबे आणि हे खोरं. आत सगळं होतं. पाणी तेवढं नव्हतं."

"माझं खोरं!" एलिसेओ उडी मारून खाली आला. "कोमाद्रे, देव तुझं भलं करो. दोन वर्षं मी याच्यावरून माझ्या मेव्हण्याशी बोलत नव्हतो."

"मग आता बोल."

"छे. आता सवय झालीय."

एर्लिंदा कठड्याला टेकून बुटांतला गाळ झाडू लागली. पाटकरी व्हायचं तर गुडघे चांगले लागतात आणि कान बधिर लागतात, असं तिचे वडील सांगायचे. ते स्वतः अठरा वर्षं पाटकरी होते. गुडघे तिला त्यांच्याकडून मिळाले होते. कान मात्र आईकडून आले होते, सगळं ऐकणारे.

लास ग्रुयासचा पाट गावाइतकाच जुना. न्यू मेक्सिकोच्या त्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर पहिला हक्क या पाटाचा होता; खाणीच्या आधीचा, महामार्गाच्या आधीचा, किंबहुना त्या राज्याच्याही आधीचा. तसा कागद होता, आणि गाव त्या कागदाला चर्चमधल्या संताच्या मूर्तीइतकं जपत असे. म्हणजे वर्षातून एकदा बाहेर काढून त्याच्यावरची धूळ पुसत असे. सव्वीस हिस्सेदार, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि पाळीचं दार कुणी कधी उघडायचं नि कधी पाडायचं हे सांगणारा एक पाटकरी. या कामावर बाई आली ती एर्लिंदाच पहिली. गेल्या वर्षी तिला निवडलं तेव्हा विरोधात एकच मत पडलं होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

तिच्या नशिबाने दोन्ही उन्हाळे कोरडे गेले. कोरडे म्हणजे आभाळाच्या बाजूने नव्हेत, तेच तर विचित्र होतं. डोंगरावर बर्फ नेहमीसारखं पडलं, नेहमीसारखं वितळलं. पण पाटाच्या तोंडाशी दगडावर ज्या तीन खुणा कोरलेल्या होत्या, त्यांतल्या तिसरीपर्यंत जूनमध्ये पाणी चढायला हवं, ते पहिलीच्याही खाली रेंगाळत होतं. पाटाच्या शेवटाला, सगळं गाव जिला आदराने दोन्या म्हणे त्या म्हाताऱ्या सेलेदोनियाचं शेत होतं, मका आणि घेवडा. तिथे तर पाळीच्या दिवशी पाटातून नुसता ओला वास यायचा.

आणि अशातच पाण्याच्या सरकारी कार्यालयातून पत्र आलं. वरच्या डोंगरातली जस्ताची खाण आणखी एक मजला खाली जाणार होती, आणि त्यासाठी जादा पंप बसवायची परवानगी मागत होती. ओढ्यावर हक्क असलेल्या कुणाचं पाणी घटलं असेल तर त्यांनी कारणासकट, पाटकऱ्याच्या सहीने, तीस जूनच्या आत कळवावं. न कळवल्यास कुणाची हरकत नाही असं धरलं जाईल. आणि एकदा तसं धरलं की त्या जुन्या कागदाची ती धूळ पुन्हा पुसली काय नि न पुसली काय. पत्रासोबत एक अर्ज होता. त्यात एक चौकट होती, दोन ओळींची: 'पाणी कमी झाल्याचं कारण.' खाली सहीची रेघ.

एर्लिंदाने ती चौकट दहा दिवस कोरी ठेवली होती.

कारण गाव खाणीवर जगत होतं. ओनोफ्रेचा मुलगा तिथे मुकादम. एलिसेओची बायको तिथल्या कँटीनमध्ये. चर्चचं नवं छप्पर खाणीने घालून दिलेलं. आणि एर्लिंदाचा नवरा बेलार्मिनो सव्वीस वर्षं डोंगराच्या पोटात पंप चालवत होता; पेन्शनला चौदा महिने उरले होते त्याला. ओढा का आटला याबद्दल लास ग्रुयासमध्ये अकरा मतं होती. बारावं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते कुणी बोलत नव्हतं.

"बीव्हर," एलिसेओ खोऱ्याचा गाळ पुसत म्हणाला.

"काय बीव्हर?"

"बीव्हरनं पाणी अडवलंय, कोमाद्रे. वर वाकड्या चिनाराजवळ. मी डोळ्यांनी पाहिलाय बांध. एवढा!" त्याने हात फाकवले, आणि ओनोफ्रेकडे बघून आणखी फाकवले.

ओनोफ्रेचा चेहरा खुलला. बऱ्याच दिवसांत इतकं सोयीचं जनावर कुणी सुचवलं नव्हतं. "बीव्हरच! अगं, त्याला कुणी इथे नातेवाईक नाही, काही नाही," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून पुन्हा टोपी काढायला गेला. ती हातातच होती.

शनिवारी सगळं गाव बीव्हरवर चालून गेलं.

पहारी, खोरी, फावडी, दोन ट्रक. दोन्या सेलेदोनिया एक्क्याऐंशी वर्षांची, तिला घरी राहा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. तिची खुर्ची ट्रकमधून उतरवून काठावर मांडली, तशी ती घेवड्याच्या आणि हिरव्या मिरचीच्या पोळ्यांचं टोपलं मांडीवर घेऊन बसली. काम करणाऱ्याला पोळी, आणि न करणाऱ्याला टोमणा.

"ओनोफ्रे, पहार अशी धरतात होय? तुझ्या बापाला कळलं तर थडग्यातून उठून येईल."

"दोन्या, माझा बाप शिंपी होता."

"म्हणून तर म्हणते."

गावात नवीन आलेला वेंडेल हॉगनही आला होता. मिनेसोटाचा दाताचा डॉक्टर, निवृत्त, उंच, आणि उन्हात शिजलेल्या कोळंबीसारखा लाल. वरच्या अंगाचं एक घर त्याने घेतलं होतं, म्हणजे एक हिस्साही घेतला होता. अंगणात सोनेरी माशांसाठी एक डबकं खणलं होतं. बीव्हर सापडेपर्यंत संशयितांमध्ये त्या पाच माशांचा नंबर बराच वरचा होता. गावची भाषा वेंडेल पुस्तकातून शिकला होता, आणि बोलायचाही पुस्तकासारखाच.

"मी एक निरीक्षण मांडू इच्छितो," तो एर्लिंदाला म्हणाला. त्याच्या हातात आकडे रंगवलेली काठी होती. "मी आज सकाळी बांधाच्या वरच्या बाजूसही मोजमाप केले. तेथेही प्रवाह—"

"पोळी खा, डॉक्टर," एलिसेओ म्हणाला आणि त्याच्या तोंडाशी पोळी धरली.

बांध खरोखरच मोठा होता. फांद्या, चिखल, दगड. इतकं नीटस काम की एर्लिंदाला वाईट वाटलं. आपल्या दुरुस्त्या तिने मनात याच्याशी ताडून बघितल्या आणि विषय बदलला. बीव्हर पलीकडच्या काठाला बसून बघत होता. पहिली पहार घुसली तेव्हा त्याने पाण्यावर शेपटी आपटली, एकदाच, मोठ्यांदा, आणि मग काही केलं नाही. पंचायतीसमोर बोलून उपयोग नाही हे कळलेल्या माणसासारखा नुसता बसून राहिला.

बारा वाजता बांध फुटला. काय पाणी सुटलं! तपकिरी, फेसाळ, काटक्या नाचवत. लोकांनी टोप्या उडवल्या. एलिसेओ धारेत बसकण मारून वाहत गेला आणि शंभर पावलांवर बाहेर निघून म्हणाला, "दुसरं खोरं गेलं!" पाटाचं तोंड भरलं, तिसऱ्या खुणेवर पाणी चढलं, आणि त्या दुपारी पाटाच्या शेवटच्या टोकाला, दोन्या सेलेदोनियाच्या मक्यात, कित्येक आठवड्यांनी सरीभर पाणी उभं राहिलं. म्हातारीने चपला काढून त्यात पाय बुडवले.

"आता कशी पाटकरीण झालीस, पोरी," ती म्हणाली.

संध्याकाळी ओनोफ्रेने तिच्या अंगणात येऊन जाहीर केलं, "चौकटीत बीव्हर लिही. एक शब्द. सुटलो."

रविवारी सकाळी एर्लिंदा पाटाच्या तोंडाशी गेली. पाणी पहिल्या खुणेच्या खाली होतं. बांध फोडण्याआधी होतं त्यापेक्षाही बोटभर खाली.

कारण साधं होतं, आणि साठ माणसांना ते सुचू नये याचं तिला नंतर बरंच हसू आलं. ओढ्यात जे काही थोडकं येत होतं ते बीव्हर रात्रंदिवस साठवून ठेवत होता आणि बांधाच्या फटींतून सारखं झिरपवत होता. लास ग्रुयासला वर्षभर फुकटात मिळालेला हा दुसरा पाटकरी होता. तो त्यांनी पहारी घेऊन, पोळ्या खात, टोप्या उडवत बडतर्फ केला होता.

मंगळवारी बेलार्मिनो कामावर गेल्यावर तिने पाण्याची बाटली घेतली आणि ओढ्याने वर चालू लागली. फुटक्या बांधापाशी चिखलात नव्या फांद्या रोवलेल्या दिसल्या. बीव्हर दिसला नाही, पण आसपास असणार.

"चुकलं," ती मोठ्यांदा म्हणाली. "अध्यक्षांच्या वतीनेही सांगते. ते स्वतः म्हणणार नाहीत."

तासभर चढल्यावर ती खाणीच्या डोंगराच्या कुशीत आली. इथे लहानपणी वडिलांबरोबर ती खूपदा आली होती. इथला ओढा बडबड्या. दगडांवरून पाणी असं काही बोलत उतरायचं की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. आता तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणखी थोडं वर मात्र तीच बडबड. पाणी वीतभर, हिरवंगार, थंड; ट्राउट मासे सावलीत तोंड वर करून उभे. म्हणजे वरून यायचं ते पाणी येत होतं. ती काठाकाठाने खाली परत आली, दहा पावलं, वीस पावलं, आणि तिला ते दिसलं. ओढ्याच्या तळाला गोट्यांच्या मध्ये एक चीर होती, हाताच्या पंजाएवढी रुंद, वीस-एक फूट लांब. पाणी तिच्यापर्यंत यायचं आणि अर्धं खाली जायचं. आवाज नाही, भोवरा नाही. तहानलेला माणूस शेजाऱ्याच्या घरचा पेला न विचारता उचलून पितो तसं.

चिरेपासून जरा बाजूला, डोंगराच्या अंगात, खाणीतली हवा बाहेर टाकणारी मोठी जाळी होती. तिच्या मागचा पंखा घुर्र घुर्र करत होता. एर्लिंदा दगडावर बसली. बाटलीतलं पाणी प्यायली, मग ओढ्यातलं प्यायली, मग बराच वेळ काहीच प्यायली नाही. तिच्या पायाखाली, खूप खाली, तिचा नवरा दुपारचा डबा उघडत असणार होता. डबा तिनेच भरला होता.

संध्याकाळी घेवडा शिजत असताना तो आला. रुंद खांद्यांचा, मिशीत पांढरं आलेला, घरात आला की आधी बूट दाराबाहेर आणि मग कुत्र्याची चौकशी. तो टेबलाशी बसला आणि टेबलाखालून त्याचे पाय दिसले.

"बेलो," ती म्हणाली. "जूनमध्ये लोकरीचे मोजे?"

"खाली गार असतं."

"इतकी वर्षं तर उकडायचं. सदरे पिळून वाळत घालायचे मी."

"उकडायचं," तो म्हणाला. वरच्या ओढ्याचं पाणी किती गार होतं ते तिच्या हातांना अजून आठवत होतं.

घेवड्याला उकळी आली. कुत्रं उठून दुसऱ्या कुशीवर झोपलं. या दोघांच्या सव्वीस वर्षांत बोलायच्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि न बोलायची आजवर एकही नव्हती. आज ती पहिली गोष्ट आली आणि टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी बसली.

"आज कुठे गेली होतीस? बुटांना वरची माती आहे," त्याने विचारलं.

"बीव्हरची माफी मागायला."

"काय म्हणाला?"

"भेटला नाही."

तो हसला. ती हसली. मग त्याने मान खाली घालून वाढलेलं सगळं खाल्लं आणि आणखी मागितलं. बोलायचं नसलं की तो नेहमी आणखी मागायचा. तिने वाढलं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिने विचारलं नाही. त्याच्या तोंडून काढून घेतलेलं आपल्या चौकटीत लिहायचं, आणि मग चौदा महिने तो ज्या दारातून खाली उतरणार ते दार आपण त्याच्यावर बंद करायचं, हे तिच्याने होईना. आणि न लिहावं, तर दोन्या सेलेदोनियाचे ते चपला काढलेले पाय दिसायचे.

हिस्सेदारांची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चर्चच्या सभागृहात. मिस्सेची प्रार्थना संपली की खुर्च्या फिरवायच्या, बस्स. बैठकीत बोलायचा अधिकार फक्त हिस्सेदाराला. हिस्सेदारांचे नवरे, बायका, जावई यांनी मागच्या भिंतीला उभं राहायचं, कॉफी करायची, आणि गप्प बसायचं. शेत एर्लिंदाच्या वडिलांचं, त्यामुळे हिस्सा एर्लिंदाचा. बेलार्मिनो लग्न झाल्यापासून दर बैठकीला भिंतीपाशी कॉफीची किटली घेऊन उभा असे, आणि लोक म्हणत की लास ग्रुयासच्या सभेत इतकी वर्षं एकच माणूस शहाण्यासारखा वागलाय.

ओनोफ्रेने अर्ज टेबलावर मांडला. "उद्या शेवटची तारीख. कारण ठरवू या आणि जेवायला जाऊ या. बीव्हरला विरोध आहे का कुणाचा?"

"बीव्हर सुटला," एर्लिंदा म्हणाली. "निर्दोष. उलट त्याने आपल्यावर खटला भरायला हवा."

"मग घुशी," एलिसेओ म्हणाला. "पाटाच्या काठात बिळंच बिळं आहेत."

"घुशी तुझ्या शेतातल्या."

"माझ्या घुशी पाणी पीत नाहीत!"

"चिनाराची झाडं लिहा. एक झाड दिवसाला पिंपभर पितं."

"झाडं माझ्या आजोबाने लावलीत, त्यांना काही बोलायचं नाही!"

"डॉक्टरांचे मासे?"

"पाच मासे?" एर्लिंदाने विचारलं.

"आता चार आहेत," वेंडेल दुःखाने म्हणाला, आणि उभा राहिला. "परंतु मी एक आकडा सभेसमोर ठेवू इच्छितो. मी डोंगराच्या कुशीत, त्या भेगेच्या वर आणि खाली—"

"डॉक्टरांना कॉफी द्या," ओनोफ्रे म्हणाला.

"मला कॉफी मिळाली आहे."

"मग केक द्या!"

वेंडेल हातात केक घेऊन खाली बसला. गावात आल्यापासून त्याचं वजन बरंच वाढलं होतं. बोलायला उभं राहिलं की खायला मिळतं, ही इथली रीत असावी अशी त्याची समजूत झाली होती.

"नैसर्गिक कारण," ओनोफ्रे शेवटी म्हणाला. तो हसत नव्हता. "दोन शब्द. यात सगळं येतं, आणि कुणाचं नाव येत नाही. लिही, एर्लिंदा. कुणाच्या पोटावर पाय नको."

एलिसेओ आपल्या खोऱ्यासारख्या हातांकडे बघू लागला. प्रत्येकजण कुठेतरी बघू लागला, आणि वरचं नवं छप्पर सोडून सगळीकडे बघून झालं. एर्लिंदाने पेन उचललं. त्या दोन शब्दांखाली आपली सही कशी दिसेल याचा ती विचार करत होती, आणि ती सही तिला वडिलांच्या अक्षरासारखी दिसत होती. तिने पेन खाली ठेवलं.

"हे मला लिहिता येत नाही," ती म्हणाली. "आणि दुसरं काही लिहिताही येत नाही. तुम्ही दुसरा पाटकरी निवडा, प्रिमो. सहीला."

"अगं, असं काय करतेस! उद्या तारीख आहे!"

"मला बोलायचंय," दोन्या सेलेदोनिया म्हणाली.

ओनोफ्रेने सुस्कारा टाकला. म्हातारी बोलायला लागली की जेवण लांबायचं. "बोला, दोन्या."

"म्हणजे मला नाही बोलायचं. मला बोलायला काय, मी शेवटच्या टोकाला बसते, वर काय चाललंय ते मला काय ठाऊक? पण माझी पाळी आहे ना? पाण्याची पाळी आपण दुसऱ्याला देतो की नाही? तुझ्या मुलीच्या लग्नात मी तुला दिली होती की नाही?"

"दिली होती."

"मग ही बोलायची पाळी मी देते." तिने मान वळवली नाही, पण काठी वळवली, मागच्या भिंतीकडे. "त्याला. किटलीवाल्याला. मघापासून बघतेय, पोराने कप भरभरून टेबलावर सांडलेत, आणि एकदाही वर बघितलं नाही."

"असा नियम नाही, दोन्या."

"नाही असाही नियम नाही."

ओनोफ्रेने पंचांकडे बघितलं. पंचांनी त्याच्याकडे बघितलं. नियमांची वही तर घरी राहिली होती.

बेलार्मिनोने किटली खाली ठेवली. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, म्हणून त्याने ती परत उचलली. तो एर्लिंदाकडे बघत होता. एर्लिंदा मान हलवत होती, नको, नको बेलो, अशी. इतकी हळू की फक्त सव्वीस वर्षांची ओळख असलेल्यालाच दिसावी.

"माझ्या बायकोने मला काही विचारलं नाही," तो म्हणाला. आवाज इतका जाड निघाला की त्याचा तोच दचकला. "ते आधी सांगतो. मंगळवारी ती वर जाऊन आली आणि आल्यावर मला जास्तीचा घेवडा वाढला. मला तेव्हाच कळलं, हिने बघितलंय."

"बेलार्मिनो," ओनोफ्रे म्हणाला, "माझा मुलगा तिथे आहे. तूही तिथे आहेस. विचार कर."

"दोन वर्षं करतोय. आमची तिथली पोरं म्हणतात, डोंगराला पाझर फुटलाय, पुरातन पाणी असतं पोटात. मीही म्हणायचो. पण खाणीत ऋतू नसतो, प्रिमो. खाली ना ऊन, ना बर्फ, ना जून, ना जानेवारी. तरीही मे उजाडला की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं. इथे वर बर्फ वितळलं की तिथे खाली माझे पंप धापा टाकतात. पूर्वी दोन पुरायचे. आता पाच लागतात, आणि सहावा मागवलाय. त्यात तुझ्या मुलाचा काही दोष नाही, कुणाचाच नाही, तो बिचारा पाणी आलं की मला फोन करतो, आणि मी बटण दाबतो. पाणी डोंगराच्या पलीकडच्या तलावात जातं. तिथून इकडे परत येत नाही."

वेंडेल केक खायचा थांबला होता.

बेलार्मिनोने किटली टेबलावर ठेवली, अर्ज उचलला आणि बायकोसमोर सरळ करून ठेवला.

"ओढा खाणीत उतरतोय, एर्लिंदा," तो म्हणाला. "आपल्या पाटाचं पाणी खाण नेते. रोज आठ तास मीच ते उपसून देतो."